चावून मऊ केलेले बूट

पडदा वर जातो. समोर इकेरासाक या इनुइट गावाची खाडी, अजून बर्फाने बांधलेली. मे महिन्याचं ऊन असं लख्ख, की प्रकाशयोजनेवाल्याने सगळे दिवे एकदम लावावेत आणि जेवायला निघून जावं. डावीकडे एक तांबडं लाकडी घर. घराच्या पायरीवर बोलाट्टा बसलेली, आणि तिच्या तोंडात बुटाचा तळ.

नायिकेच्या प्रवेशाला टाळी घ्यायची तर दोन शब्द तरी बोलायला हवेत. पण बोलाट्टाला ते शक्य नव्हतं. दाढीवाल्या सीलचं जाड कातडं दाढेत धरून ती कडेकडेने चावत होती. असं चावून चुण्या पाडल्या की तळ पायाभोवती आपसूक वळतो. पक्कडीनेही होतं म्हणतात. पण पक्कड लावलेला बूट आयुष्यभर रुसलेला राहतो, असं बोलाट्टाचं मत होतं, आणि तिच्या मतांना त्या गावात आव्हान देणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा नवरा सेवेरिन. तो जाऊन चौदा वर्षं झाली होती.

चावायला आता दात तरी कुठे उरले होते? वर दोन, खाली तीन. फिरतीवर येणारा डॅनिश दंतवैद्य म्हणाला होता, "आजीबाई, काढून टाकू. छान कवळी बसवतो."

"आधी बूट, मग दात," बोलाट्टा म्हणाली. "आधी दात काढलेस तर तळ कोण चावणार? तू?"

वैद्याने घाबरून सोमवारची वेळ दिली, आणि तोवर हिरड्या जपाव्यात म्हणून दातांत फिरवायच्या मेणाच्या दोऱ्याचं एक रीळ दिलं. आठवड्याभरात बोलाट्टाने आणखी तीन रिळं मागवली. वैद्य धन्य झाला. एवढी स्वच्छता त्याने राजधानीतसुद्धा पाहिली नव्हती. बूट शिवायला त्या दोऱ्यासारखा दोरा नाही, टाक्यातून थेंबभर पाणी आत येत नाही, हे त्याला सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

बूट होते नातीचे. रविवारी तिचं चर्चमध्ये दृढीकरण होतं. पोर चौदा वर्षांची झाली, पाद्रीबाबांपुढे उभी राहिली, की ती मोठ्यांत जमा. त्या दिवशी मण्यांची कॉलर, सीलच्या कातड्याची विजार आणि मांडीपर्यंत येणारे पांढरेशुभ्र बूट घालायचे, ही तिथली रीत. नातीचं नाव सेवेरिना. आजोबा गेले त्याच हिवाळ्यात जन्मली म्हणून त्यांचं नाव तिला दिलं. आणि त्या मुलखात नाव एकटं येत नाही, मेलेल्या माणसाची सगळी नाती घेऊन येतं. पाळण्यावर वाकून बोलाट्टा पहिल्यांदा जे बोलली ते अख्ख्या गावाला पाठ आहे: "आलात? पाय पुसलेत का?"

तेव्हापासून नात म्हणजे "अहो". पण दोन वर्षांची असताना आई तबिता तिला घेऊन दूर डॅनिश मुलखात, आल्बोर्गला गेली. तिथे पोर नुसतीच सेवेरिना होती. तबिताचा संसार मोडला, दोघी गेल्या शरदात परत आल्या, आणि पोरीला कळलं की या गावात आपण एका पंचाहत्तर वर्षांच्या बाईचा नवरा आहोत. म्हातारे शिकारी तिला बघून टोपी काढत. एकाने तर बंदुकीला तेल कुठलं घालू म्हणून सल्ला मागितला.

आत्ता ती कानात गाणी लावून पायरीशी आली.

"अहो, बसा जरा," बोलाट्टाने तळ तोंडातून काढला. "बघा, कसा वळलाय."

"आजी, मी ते घालणार नाहीये."

"काय घालणार नाही?"

"सीलचं काहीच. युरोपात बंदी आहे त्यावर. माझ्या मैत्रिणी फोटो बघतील, मला खुनी म्हणतील."

"बंदी!" बोलाट्टाने तळ मांडीवर आपटला. "मला सांगता होय बंदी? तुम्हीच नाही का बंदीपायी याच पायरीवर दोन हिवाळे तोंड पाडून बसलात?"

ती गोष्ट अशी. बोलाट्टा तरुण होती तेव्हा दूरच्या शहरांतल्या बायका सीलच्या पांढऱ्या पिल्लांचे फोटो बघून ढसाढसा रडल्या. या खाडीत त्या पिल्लांना कुणी कधी हात लावला नव्हता. इथे मोठा सील मारायचा, मांस आपण खायचं, उरलेलं कुत्र्यांना, आणि कातडं दुकानात. पण रडणाऱ्यांना इकेरासाक कुठे ठाऊक! बंदी आली पिल्लांच्या कातड्यावर, आणि सगळ्याच कातड्यांचा भाव एकदम बसला. सील खायचे तर मारावेच लागत, कातडी मात्र परसात साठत गेली. शेवटी सेवेरिन गळ टाकून हॅलिबट मासे धरायला लागला. "सीलचा वास तुम्हाला शोभायचा," बोलाट्टा सांगे. "माशाचा वास यायला लागला आणि मला वाटलं, परक्या पुरुषाशेजारी झोपलेय."

पुढे कायद्याला दया आली. इनुइटांनी पोटासाठी मारलेल्या सीलचं कातडं चालेल, म्हणाले, पण सोबत शिक्क्याचा कागद हवा. उन्हाळ्यात मोठ्या बोटीने जर्मन बाया येतात, बूट कुरवाळतात आणि कागद मागतात. बोलाट्टा कागद देते. "आमच्या तबिताला जन्माचा दाखला मिळायला वर्ष गेलं," ती म्हणते, "सीलला मेल्याबरोबर मिळतो." अमेरिकनांना तर कागद असला तरी त्यांच्या कायद्याने बूट नेता येत नाहीत. एक लठ्ठ गृहस्थ बूट घालून गावभर फिरला, फोटो काढले, आणि परत करताना डोळे पुसले. बोलाट्टाने त्याला कॉफी पाजली. आपल्याच देशाने छळलेल्या माणसाबद्दल तिला फार वाटतं.

"ते सगळं ठीक आहे," पोर म्हणाली. "पण माझे पाय माझे आहेत ना?"

बोलाट्टाने तळ पुन्हा तोंडात घातला.

उत्तर दिलं तबिताने, आत नेऊन, हळू आवाजात. "हो म्हण गं. दोन तासांचा प्रश्न आहे. बाबा दवाखान्यात वारले ना, तेव्हा त्यांना शवपेटीत ठेवलं ते दवाखान्याच्या निळ्या मोज्यांत. हिने त्यांच्यासाठी नवे बूट शिवून ठेवले होते. हिच्या हाती पेटी आली ती खिळे मारूनच. जन्मभर या माणसाचे पाय मी कोरडे ठेवले आणि शेवटी चिंध्यांत पाठवला, असं ही अजून झोपेत बडबडते. सोमवारी दात जाणार. म्हणजे यापुढे बूट नाहीत. आता काय ते समज."

"बघू," पोर म्हणाली.

शनिवारी बूट तयार झाले. काय बूट होते ते! कातडं थंडीत आणि वसंताच्या उन्हात ताणून असं पांढरं केलेलं की हात लावायला संकोच वाटावा. पुढच्या बाजूला तांबड्या, निळ्या, पिवळ्या कातड्याचे तांदळाएवढे तुकडे जोडून नक्षी. पोरीचंही क्षणभर भान हरपलं. आईने डोळे वटारले होतेच, तेव्हा ती मुकाट बसली आणि तिने उजवा पाय आत घातला.

पाय गेला. जातच राहिला. तळाला टेकला तेव्हा टाचेमागे आणखी एक टाच मावेल एवढी जागा होती.

मग तबिताला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं, आवरेना. "आई! अगं, हे बाबांच्या मापाचे आहेत!"

खरंच होते. बोलाट्टाने जन्मात कधी टेप लावली नव्हती. ज्याचे बूट त्याला मनात आणायचं आणि सुरी चालवायची. हिवाळाभर तोंडात "अहो", मनात "अहो", आणि हातांनी इमानेइतबारे त्या "अहों"चं माप कापलं. सेवेरिनचे पाय म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे पाय. बर्फावर त्याची पावलं उमटली की नवखी माणसं अस्वल समजून घरात शिरत. त्या मापाचे, फुलाफुलांचे, मांडीपर्यंतचे, बायकी बूट!

तबिताचं हसू आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर थांबलं.

बोलाट्टा हात मांडीत टाकून बसली होती. दुसरं पांढरं कातडं नव्हतं. गोठवून उन्हात पांढरं करायचे दिवस संपले होते. तिने बूट हळूच ओढून काढला.

"जाऊ दे, पोरी," ती म्हणाली. "तू आपले तुझे ते कापडी बूट घाल. बरे दिसतात तुला."

पोरीने चमकून वर पाहिलं. आजवर आजीने तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं, तू म्हटलं नव्हतं. आठ महिने ज्याची कटकट वाटत होती ते अंगावरून कुणी काढून घ्यावं आणि थंडी वाजावी तसं झालं. हवं होतं तेच मिळालं होतं. ती आता कुणाचीही कुणी नव्हती, एका म्हातारीची नात होती फक्त, आणि म्हातारी खिडकीबाहेर बघत होती.

रंगमंचावर अशी घटका येते. समोरचा वाक्य विसरलेला असतो, आत कुणी सुचवणारा नसतो, आणि कालची पोर पुढे होऊन नाटक सावरते. ते शिकवून येत नाही.

सेवेरिनाने पाय पसरले, बूट आजीच्या हातातून ओढून घेतला आणि आवाज जमेल तेवढा जाड केला.

"अगं बोलाट्टा, बसलीस काय? वाळलेलं गवत कुठे ठेवलंयस? दोन मुठी आण, खाली भरायला. आणि जाड मोजे आण, दोन जोड्या. उद्या काय अनवाणी जाऊ देवापुढे?"

बोलाट्टाचं तोंड उघडं पडलं. पाचही दात दिसले.

"आणते," ती पुटपुटली. "आणते हो. ओरडता कशाला?"

रविवारी चर्च भरलं. पेटी वाजू लागली आणि मुलं ओळीने आत आली. सेवेरिना शेवटची. मोज्यांच्या दोन जोड्या, गवत दोन मुठी, तरी बूट तिच्या आधी पोचत होते आणि ती मागून. थप्प, थप्प, थप्प. पाद्रीबाबा पुस्तकात बघत होते, ते बघतच राहिले, पान काही उलटेना. म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या बाकावर ओठ आवळलेले. मध्यावर आल्यावर डावा बूट गर्रकन फिरून फुलं मागे गेली. पोर थांबली, कमरेत वाकली, दोन्ही हातांनी बूट सरळ केला आणि जाळं ओढणाऱ्या कोळ्यासारखी तशीच वाकून पुढे निघाली.

दुसऱ्या बाकावर बोलाट्टा उभी राहिली. रुमाल तिच्या हातात होता, पण तो तिने डोळ्यांना लावला नाही, झेंड्यासारखा हलवला, आणि पेटीच्याही वर आवाज चढवला:

"अहो, ताठ चाला! मेलात तेव्हासुद्धा इतके वाकला नव्हतात!"