शिंदीच्या पाकातली रम

समुद्र बघायला जातोय असं सांगून मी नाशिकहून डहाणूची एस.टी. पकडली. खरं कारण सदानंद. थंडी पडली की आमच्या कॉलनीत गरम रम करायची ती मी, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. लवंग, लिंबू, गूळ, वर कढत पाणी. कॉलनीतल्याच सदानंदची डहाणूला बदली झाली, दिवाळीत मित्रमंडळी त्याच्याकडे राहून आली आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचीच रम. माझ्या पोटात दुखू लागलं.

बायको सुमन सोबत होती. चिकूच्या वाड्या मागे टाकत डहाणूला उतरलो, तर थंडी अगदीच बेताची. एवढ्याशा थंडीत हा कसली रम पाजतो, असं मनात येऊन जरा बरं वाटलं.

संध्याकाळी सदानंदने अंगणात शेगडी पेटवली. गवती चहा आणि आलं उकळलं, पेल्यांत रम ओतली, एका बाटलीतून काळसर पाक सोडला, वर लिंबाची साल पिळली. सोबत तळलेले बोंबील. एरवी नुसता ओठ लावणारी सुमन पेला संपवून म्हणाली, "भाऊजी, हे काही वेगळंच आहे." माझ्या रमला ती आजवर 'बरी आहे' याच्या पुढे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने आम्हाला तलासरीजवळच्या एका पाड्यावर (वस्तीवर) नेलं. थंडीत तिथे शिंदीच्या झाडांना मडकी बांधून रात्रभर नीरा उतरवतात. नीरा उतरवणारे जान्याकाका मडकं घेऊन झाडावरून खाली आले, धरतीला म्हणून चार थेंब आधी जमिनीवर सांडले, मग आम्हाला दिली. गार आणि गोड. हीच चुलीवर आटवली की पाक. सदानंद म्हणाला, "एक बाटली ने. खरी थंडी तुमच्याकडे."

"आमच्याकडे गूळ मिळतो," मी म्हणालो.

त्याची पाठ वळताच मी थर्मासात ताजी नीरा भरून घेतली. पाक घरी स्वतः करायचा, म्हणजे नाव माझं.

"सायब, लगेच उकळा," जान्याकाका म्हणाले. "ऊन चढला का ताडी होते ही."

मला वाटलं, थर्मासात कसलं ऊन लागतंय!

परतीच्या वाटेवर जव्हारच्या घाटात थर्मासचं बूच उडालं. वरच्या फळीवरून फेस गळला तो थेट एका पांढऱ्या टोपीवर. टोपीवाले गृहस्थ नेमके माळकरी निघाले. कंडक्टरने वास घेतला आणि आम्हाला शेवटच्या बाकावर धाडलं. सुमन नाशिकपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

एकतीस डिसेंबरला मंडळी जमली. मी गूळ किसत होतो. सुमनने ओट्यावर पाकाची एक बाटली आणून ठेवली. सदानंदच्या बायकोने निघताना तिच्या पिशवीत घातलेली. मला रागच आला, पण बाहेर सगळे खोळंबले होते. पाक ओतला.

शेजारचे अण्णा म्हणाले, "यंदा तुझा हात बसला हं."

मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणाली, "पाक सदानंद भाऊजींकडचा आहे."

मग सगळ्यांनी त्याच्या नावाने पेले उंचावले. मलाही उंचावावा लागला.

प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही. रम मात्र हुबेहूब त्याच्या अंगणातल्यासारखी झाली होती. दुसरा पेला मी स्वयंपाकघरात जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून भरला.