वाघोलीच्या माळावरचं पिवळं विमान

१९९९ साल. मला बासष्ट पूर्ण झाली होती आणि माझे डोळे चालले होते.

मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता आणि काळा चष्मा लावून चार दिवस ऐटीत मिरवलो असतो. हा काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक छोटं काढलं आणि छोट्यावर पेन टेकवून म्हणाल्या, "आजोबा, एवढंच उरलंय. थेंब घालत राहा, म्हणजे हे तरी टिकेल. गेलेलं परत येत नाही."

"आजोबा कुणाला म्हणता?" मी विचारलं. त्या हसल्या. मी तरातरा बाहेर निघालो आणि दवाखान्याच्या पायरीवरच अडखळलो.

बायकोला सांगितलं. क्लबात कुणाला सांगितलं नाही.

क्लब म्हणजे आमचा विमानं बांधणाऱ्यांचा. विमानं लहान, पण खेळण्यातली नव्हेत. खऱ्या विमानाची मापं घ्यायची, फासळी न् फासळी त्याच प्रमाणात लहान करायची, इंजिन बसवायचं आणि रविवारी वाघोलीच्या माळावर नेऊन, खाली उभं राहून रेडिओनं उडवायचं. मंडळी सगळी शिकलेली. मी चौथीत शाळा सोडलेला. कारखान्यात ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचो. मग नवे दिवस आले, कारखान्यानं आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. त्यानंतर आठवड्याचे सहा दिवस मला कुणी काही विचारत नसे. रविवारी माळावर विचारत.

ते पिवळं विमान मी तीन वर्षं बांधत होतो. एकावर एक असे दोन पंख असलेलं, जुन्या काळचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. लहानपणी लोहगावच्या बाजूला म्हशी घेऊन जायचो तेव्हा डोक्यावरून जाताना पाहिलेलं. दोन पंखांच्या मध्ये बारीक तारा ताणायच्या असतात. शेवटच्या तारा मी बोटांनी चाचपून ओवल्या, कारण भिंग लावूनही टोक सापडत नव्हतं.

मला एकच पाहिजे होतं. ते विमान माझ्या हातानं उडावं आणि माझ्या डोळ्यांनी मी ते बघावं. एकदा. पुढच्या थंडीपर्यंत डोळे थांबतील असा भरवसा नव्हता.

आमच्यात रीत अशी, की नव्या विमानाचं पहिलं उड्डाण बांधणाऱ्यानं करायचं नाही. बांधणाऱ्याचा जीव त्यात असतो, हात कापतात. दुसरा कुणी उडवतो, बांधणारा शेजारी उभा राहून बघतो. हे काम बहुतेक वेळा नागपूरकडच्या एकाकडं असायचं. पस्तिशीचा गडी, इकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत आलेला. दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून त्या वर्षी हे लोक रात्रंदिवस राबत होते. पण रेडिओवर त्याच्यासारखा हात क्लबात कुणाचा नव्हता. हे मी त्याला कधी बोललो नाही.

नोव्हेंबरातला रविवार. मी विमान जोडलं, इंजिन चालू केलं. तो हात पुढं करून उभा.

"आणा काका रेडिओ. मी नेतो वरती."

"का? माझे हात कापताना दिसले तुला?"

"हात नाही जी. पण रीत आहे न बाप्पा!"

"रीत गेली नागपूरला. मी बांधलंय, मीच उडवणार."

आमचे सेक्रेटरी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "उडवू द्या हो त्यांना. स्वतःचं विमान पाडायचा मान माणसानं दुसऱ्याला का म्हणून द्यावा?"

सगळे हसले. मी रेडिओ गळ्यात अडकवला. मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही.

विमान धावलं. शेपूट उचललं. चाकं जमीन सोडताना मला दिसली, पंखाखालचा पिवळा रंगही दिसला. मग ते डावीकडं वळलं आणि माझ्या उरलेल्या वर्तुळातून बाहेर गेलं.

मी मान वळवली. नुसतं आकाश. खडीच्या क्रशरची धूळ वर चढून सगळं पांढरं झालेलं. विमान नाही. आवाज होता, पण आवाजावरून विमानाचं तोंड कुणीकडं आहे ते कसं कळणार?

"काका, लय दूर चाललं. वळवा."

"वळवतोय."

"उलटं वळवून राहिले तुम्ही."

"दिसतंय मला!" मी ओरडलो.

मागचं हसणं-बोलणं थांबलं. इंजिनाचा आवाज बारीक आणि तीक्ष्ण होत चालला. म्हणजे ते नाक खाली करून येत होतं. तीन वर्षं येत होती खाली. माझे अंगठे रेडिओच्या काड्यांवर होते आणि कुठं ढकलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. म्हटलं, पडू दे. पण बोलायचं नाही. तरी तोंडातून निघालंच.

"कुठंय रे?"

तो माझ्या मागं आला. माझ्या पाठीला छाती लावून उभा राहिला, दोन्ही बाजूंनी हात पुढं आणले आणि त्याचे अंगठे माझ्या अंगठ्यांवर ठेवले. माझा अंगठा त्याच्या अंगठ्याखाली मागं ओढला गेला. आवाज खाली आला, सरळ झाला.

"मान वरती ठेवा काका," तो कानात म्हणाला. "लोक पाहून राहिले."

मी मान वर ठेवली. आवाज जिकडं जाईल तिकडं फिरवत राहिलो, बघत असल्यासारखी. विमानानं किती फेऱ्या मारल्या मला ठाऊक नाही. परत दिसलं तेव्हा ते गवतावर धावत होतं, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. तोपर्यंत तो दोन पावलं मागं सरकून उभा राहिला होता.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांचे डोळे विमानावर होते, अंगठे कुणाचे ते कुणी बघितलंच नव्हतं. सेक्रेटरी चक्क खुर्चीतून उठले. "मानलं बुवा आपल्याला. शब्द मागे घेतो. त्या शेवटच्या वळणावर तारा काय चमकल्या हो!"

"हो," मी म्हटलं.

"आणि उन्हात तो पिवळा रंग!"

"हो."

जो तो येऊन मला माझं विमान कसं दिसत होतं ते सांगत होता. सगळ्या माळानं ते पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. उडवलंही मी नव्हतं. नागपूरवाला आपलं सामान आवरत होता, माझ्याकडं बघत नव्हता. त्याचा मला इतका राग आला, की त्याला काही न बोलता निघालो.

येरवड्याला घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "दिसलं?"

"हो."

"मग तोंड असं का?"

"धूळ आहे वाघोलीला."

ती उठली, मला पलंगावर आडवं केलं, थेंबांची बाटली आणली. डोळ्यांत थेंब घातले आणि पदरानं गाल पुसत बसली. "मी एकेकच थेंब घातला," ती म्हणाली, "एवढं पाणी कुठलं?"

"बाटली नीट धरत नाहीस तू," मी म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

दिवसभर तसाच पडून होतो. विमान मोडून बंबात घालावं असंही मनात आलं. माझ्या हातानं आणि माझ्या डोळ्यांनी, असं दोन्ही मागितलं होतं मी. आता दोन्ही होणार नव्हतं. एक होणार होतं, तेही लवकर केलं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंख सोडवले, विमान चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, ये क्या, पाळणा है क्या?" त्याला उत्तर दिलं नाही. विश्रांतवाडीच्या चौकात कंपनीची बस यायची. नागपूरवाला गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून रांगेत उभा होता.

"काका? तुम्ही इथं?"

"आज कामावर जाऊ नकोस."

"काका, सोमवार आहे. दोन हजार साल तोंडावर आलं."

"एक दिवस थांबतील तुझे कॉम्प्युटर."

"ते थांबतील म्हणूनच तर जाऊन राहिलो न!"

बस आली. लोक चढायला लागले. मी रेडिओचा खोका त्याच्यापुढं धरला. उभ्या आयुष्यात मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मागायचं कसं ते येत नव्हतं.

"तू उडव," मी म्हटलं. "खालून ने, माझ्या समोरून, जवळून. मला बघायचंय."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी खोका त्याच्या हातात कोंबला आणि तो आणि बसचं दार यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो.