पालखी गोठ्याच्या दारात

हातखंब्याच्या अलीकडे आमची वाडी. तेव्हा बहुतेक घरांतले बापे मुंबईला गिरणीत असत, माझे वडीलही. शेजारच्या घरात वडिलांचे चुलते राहायचे. मी त्यांना आजा म्हणायची. तरुणपणी शिमग्यात देवीची पालखी नाचवावी तर आज्यानेच, असं जुनी माणसं सांगत. मग त्याची एक बाजू लुळी पडली. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सांभाळायला दुसऱ्या एका भावाचा मुलगा, त्याचा पुतण्या, होता.

सुरुवातीला आजा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारी. पुढे तो दिसेनासा झाला. विचारलं की पुतण्या म्हणे, "निजलाय."

एकदा आमची वासरी त्यांच्या घरामागच्या परड्यात शिरली. आई तिला आणायला गेली, मी मागोमाग. गोठ्यातून कण्हणं ऐकू आलं. आत बैलांच्या दावणीशी गोणपाटावर आजा पडला होता. दंडावर काठीचे वळ उठले होते.

"मामंजी, हे कुणी केलं?" आईने विचारलं.

"पेज सांडली गो माझ्या हातून," आजा म्हणाला. "बोलू नको कुठं. मिळतंय तेवढंही बंद होईल."

आईने त्याच दिवशी पुतण्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "वयनी, तुमी तुमचं घर सांभाळा. आमच्या घरातलं आमी बघू."

दुसऱ्या दिवसापासून त्याने परड्याचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, बांधून टाकलं. आई मग दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी उभी राहायची आणि दगडांवरून मोठ्याने बोलायची. "मामंजी, ऐकताव ना? वरच्या घरातला लेक मुंबयहून आला. आंब्याला मोहोर बरा आलाय." आतून आजा हुंकार द्यायचा. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, कुणाशी बोलतेस गो? आई काही न लपवता सांगायची. हळूहळू त्याही गडग्याशी थांबू लागल्या. कुणी गडग्यावरून भाकरी द्यायची, कुणी नुसती विचारपूस करायची. पुतण्याला ते खपत नव्हतं, पण एवढ्या बायकांची तोंडं तो कशी बंद करणार?

मग शिमगा आला. पालखी घरोघर फिरत त्यांच्या घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात उतरली. पुतण्या नारळ घेऊन पुढे झाला. गावातले सर्वांत थोरले मानकरी गाऱ्हाणं घालायला, घराच्या वतीने देवीला साकडं घालायला, उभे राहिले. एवढ्यात बायकांतून आई पुढे आली. पदर सावरून तिने विचारलं, "नारळ घरातल्या वडील माणसानं ठेवायचा ना? ते आहेत अजून."

ढोल थांबला. मानकऱ्यांपुढे बाईमाणूस सहसा बोलत नसे.

"त्याला चालवत नाय," पुतण्या म्हणाला.

मानकऱ्यांनी आईकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. "मग देवी चालेल," ते म्हणाले.

भोयांनी पालखी उचलली आणि घराला वळसा घालून थेट गोठ्याच्या दारात आणली. मानकरी वाकून आत गेले. बाहेर येऊन त्यांनी दोन गड्यांना आत धाडलं. मग आज्याला उचलून बाहेर आणलं. आज्याने धडधाकट हाताने पालखीचा दांडा कुरवाळला आणि मग नारळ ठेवला. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, या घरातल्या थोरल्यावर जो कोण हात उगारील, त्याला तू जाब विचार." सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा." पुतण्यालाही म्हणावं लागलं.

नंतर देवळात गावकरी बसले. तिथे आज्यालाच विचारलं, कुठं राहायचंय? "ओटीवर," तो म्हणाला. "तिथं माणसं दिसतात." तसंच झालं. जेवण पुतण्याच्या घरचंच, पण रोज कुणीतरी शेजारी जेवायच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन बसे. भजनाला त्याला पाठुंगळी देवळात नेत. पुतण्याला माया फुटली असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हात थांबला.

मोठी झाल्यावर मी आईला विचारलं, तेव्हा भीती नाही वाटली?

"वाटली गो," आई म्हणाली. "पण त्या माणसाला बोलायला तोंड कुठं ठेवलं होतं? कुणीतरी बोलायला हवंच होतं."

माझ्या लग्नात आजा मांडवात पुढेच बसला होता. वाजंत्री फार संथ वाजवतायत, अशी कुरकुर त्याने शेवटपर्यंत चालू ठेवली.