दक्षिणेचा दिवा

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला सुरतेतल्या भेस्तानची ती दुपार आठवते. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ख्रिस्ती मावशी सकाळीच गेल्या होत्या आणि त्यांची बहीण नवापूरहून यायची होती. तोवर मयताजवळ अंधार नको म्हणून आईने आमच्या खानदेशी रिवाजाप्रमाणे कणकेचा दिवा केला आणि वात दक्षिणेला, यमाच्या दिशेला करून मावशींच्या उशाशी ठेवला. बहीण आली, तिने दिवा पाहिला. आई ओशाळून तो उचलायला वाकली, तर ती म्हणाली, "राहू द्या, ताई. आमच्यात उजेडाला दिशा नसते. तो माणसाकडे बघतो." तिने शेजारी मेणबत्ती लावली. तेवढ्यात लाईट गेली आणि गल्लीतले कापड विणणारे सगळे लूम एकदम गप्प झाले. एवढी शांतता त्या गल्लीत मी कधी अनुभवली नव्हती. खिडकी बंद होती, मेणबत्ती सरळ जळत होती, पण आमच्या दिव्याची ज्योत हळूहळू वळली आणि मावशींच्या चेहऱ्याकडे झुकून राहिली. आईने दिवा नीट केला. ज्योत पुन्हा वळली. "तिला अंधाराची फार भीती वाटायची," बहीण एवढंच म्हणाली. यंदा आई गेली. दिवा मीच केला, वात दक्षिणेला केली, आणि शेजारी मेणबत्तीही लावली. नातेवाईक कुजबुजले, कुजबुजू देत. ज्योतीकडे मात्र मी एकदाही बघितलं नाही.