छत्रीवाल्याला दिलेला आवाज

जपानी सिनेमा म्हटल्यावर तुम्ही लगेच तलवारी काढल्या असतील. ठेवा परत. आपल्याकडे एक छत्री आहे, तीही काडी मोडलेली.

माझी शाळा मुरबाडची, काम वागळे इस्टेटला, आणि राहायला कोपरला एका काकांच्या वरच्या खोलीत भाड्याने. काका रिटायर्ड. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये लोकांना जुने पिक्चर दाखवायचे. लोक म्हणजे सात-आठ टाळकी, त्यातली निम्मी चहापुरती. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलेलं, या वेळी माणसं शेवटपर्यंत बसली नाहीत तर रविवार योगावाल्यांना.

अशा वेळी शहाणा माणूस कॉमेडी लावेल. काकांनी काढला एक जपानी डिरेक्टर, ज्याला म्हणे जपानमध्येपण कोणी विचारत नाही. त्याचे सुरुवातीचे तीन मूकपट आधी मला घरी बसवून दाखवले. पहिल्यात सगळे नुसते धडपडतात आणि दर मिनिटाला संवादाची पाटी येते. दुसऱ्यात पाट्या कमी. तिसऱ्यात छत्र्या दुरुस्त करणारा बाप, लग्न करून लांब जाणारी मुलगी, आणि पाट्या जवळजवळ नाहीतच. मी टिंगल करायला बसलेलो. तिसरा संपल्यावर म्हटलं, "काका, परत लावा ना."

"तिकडे तेव्हा पडद्याशेजारी माणूस उभा राहून सगळ्यांचे आवाज काढायचा," काका म्हणाले. "तू जिन्यात माझी नक्कल करतोस ती येते मला ऐकू. रविवारी तिसऱ्याला उभा राहा. शेवटच्या सीनला फक्त बाजूला हो."

रविवारी मी सुटलो. पिक्चरमधल्या घरमालकाला सेक्रेटरींचा आवाज दिला, नाकातला. "भाडं आणि शिस्त, दोन्ही वेळेवर!" सगळ्यात जास्त हसले सेक्रेटरीच. मुलीला आमच्या भाजीवाल्या मावशींचा. बापाला अर्थात काकांचा. बाहेरून जाणारी माणसंपण आत येऊन मागे उभी राहिली.

मग शेवटचा सीन. मुलगी गेलेली. बाप तिची छत्री उघडतो, मिटतो, परत उघडतो. पाटी नाही. हॉल एकदम गप्प. मला वाटलं, गेलं, आता उठणार सगळे. म्हणून काकांच्या आवाजात ठोकून दिलं, "अगं, पोचलीस की मिस्ड कॉल दे!"

हॉल हसून फुटला. सेक्रेटरी टाळ्या वाजवत म्हणाले, "रविवार तुमचाच!"

काकांनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळली. जिन्याशी आलो. मग सुरू झाले.

"बाजूला हो म्हणून सांगितलेलं ना?"

"काका, लोक उठले असते."

"गाढवा, उठत नव्हते. पुढच्या रांगेतल्या आजींनी रुमाल काढलेला. तो बिचारा डिरेक्टर तीन पिक्चर करून गप्प बसायला शिकला. तुला दोन मिनिटं जमलं नाही?"

"पण हॉल तर मिळाला ना?"

"मिळाला! मग काय ओवाळू तुला? योगावाल्यांना दिला असता तर त्यांनी निदान तोंड मिटून श्वास घेतला असता. आणि माझ्याच आवाजात? लोकांना वाटलं असेल मीच बोललो!"