जोह्याहून आणलेली कॅसेट

रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचो, तेव्हा मला जुन्या पडेल सिनेमांच्या कॅसेटी जमवायचा नाद होता. सत्तरच्या दशकातला एक सिनेमा मात्र आम्हा नादिष्टांपैकी कुणाकडेच नव्हता. आपल्या बायकोच्या जागी दुसरीच कुणीतरी वावरतेय, असा भास होणाऱ्या माणसाची गोष्ट. थिएटरात आठवडाभरही टिकला नव्हता, म्हणूनच आम्हाला तो हवा होता.

त्यातला एक प्रसंग पेणजवळ जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात घेतलेला. डोळे न आखलेल्या शेकडो मूर्ती आणि त्यांच्यामधून वाट चुकल्यासारखा फिरणारा तो माणूस. कोपऱ्यात बसून डोळे आखणारा कारागीर खरा तिथलाच. तो पुढे वारला. सिनेमावाल्यांनी पाठवलेली कॅसेट त्याच्या बायकोकडे आहे असं कळलं, आणि मी जोहे गाठलं.

"मावशी, आठ दिवसांत आणून देतो," म्हणालो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून, साड्यांच्या खालून काढून दिली.

चार महिने झाले तरी मी ती परत केली नाही. शेवटी मावशी पत्ता विचारत एसटीने रोह्याला आल्या. कॅसेट कपाटात होती. मी म्हणालो, "मशीनमध्ये टेप अडकली, मावशी. तुटली."

"फोटू हायेत यांचे," त्या म्हणाल्या. "पण हलताना, बघताना त्यातच दिसायचे." उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमची मशीन तर बिघडली नाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

बायकोने आतून सगळं ऐकलं होतं. मावशी गेल्यावर मी विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईने तुमच्या मशीनची चौकशी केली हो."

चौथ्या दिवशी सुट्टी टाकून जोह्याला गेलो. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. कॅसेट पुढे ठेवली आणि म्हणालो, "तुटली नव्हती. मी खोटं बोललो."

त्यांनी ती उचलली, पदराने पुसली आणि सुनेला हाक मारली, "आत ठेव गो ही. आणि यांना पाणी दे." मग पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाणी प्यायलो आणि पेणची गाडी येईपर्यंत रस्त्यावर उन्हात उभा राहिलो.

पुढे मुंबई-पुण्याच्या नादिष्टांची पत्रं यायची, तो सिनेमा मिळाला का म्हणून. माझ्याकडे नाही, एवढंच मी कळवायचो. जोह्याचं नाव कुणालाच सांगितलं नाही.