पूजेतली काडतुसं

दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान. गल्ल्यावर माझा थोरला भाऊ, वसंतअण्णा. त्याच्याएवढा हट्टी माणूस हुबळीत दुसरा नसेल. आमचे अप्पा पन्नाशीत आंधळे झाले, तेव्हापासून आपलंही तसंच होणार हे अण्णाच्या मनानं घेतलेलं. डोळे तपासून घे म्हटलं की अंगावर यायचा. दसऱ्यानंतर रायफल क्लबाची नेमबाजी असायची. तिथं गोळ्या काळ्या ठिपक्यात बसल्या की डोळे वर्षभर शाबूत, असं त्याचं शास्त्र!

चौसष्ट साली तो पन्नाशीचा झाला आणि त्यानं मुंबईहून भारी विलायती काडतुसं मागवली. शहाण्या माणसानं ती आधी झाडून बघितली असती. पण आमच्या घरात कोरं ते सणाला. डबा न फोडताच खंडेनवमीच्या पूजेत बसला. सराव जुन्या काडतुसांवर झाला, रायफलीचा नेमही त्यांच्यावरच बसवला.

स्पर्धेत अण्णाची एकही गोळी ठिपक्यात लागली नाही. सगळ्या खाली. क्लबातली मंडळी म्हणाली, "इरली बिडो अण्णा, जाऊ दे." अण्णानं नेमाचा कागद घडी करून खिशात घातला. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "विमल, उद्यापासून गल्ल्यावर तू बस. मला आता दिसायचं नाही."

वहिनीला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. तिनं नेमाचा कागद उलगडला आणि भोकांवर अंगठा ठेवला. सगळी झाकली गेली.

"अवो, डोळा गेला असता तर भोकं गावभर पसरली असती की! ही तर एका जागी हाईत. ह्या वेळी बदललं काय, ते सांगा."

"काडतुसं," मी म्हणालो. विलायती गोळी जरा सावकाश जाणारी, त्यामुळं ठिपक्यापर्यंत पोचेतो दोन बोटं खाली उतरायची. आम्हा दोघा दीडशहाण्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

सकाळी क्लबाचं तळ्याकाठचं मैदान गाठलं. अण्णा पालथा पडला. जुन्या काडतुसाची गोळी थेट ठिपक्यात. मग विलायती भरून त्यानं नेम दोन बोटं वर धरला. तीही ठिपक्यात. त्यानं रायफल बाजूला ठेवली आणि तसाच पडून हुंदके देऊन रडला. मलाही रडू आवरेना.

"चल अण्णा, दुकान उघडायचंय."

"थांब रे," तो तळ्यापलीकडं बघत म्हणाला, "ती झाडं बघू दे जरा."